शमरोनी बाईची घागर आणि केडगावच्या पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की उरुळी, यवत मागे टाकत केडगाव येतं. आपल्या भागातल्या लोकांना या गावाच्या दोन ओळखी माहीत आहेत. एक नारायण महाराजांचं बेट, दत्ताचं देऊळ. आणि दुसरी पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दोन्ही ठिकाणी माणसं काहीतरी शोधत आली. आज बोलायचंय ते दुसऱ्या ठिकाणाबद्दल.

पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा. कारण धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेले दोनच प्रश्न येतात: "काय मिळालं?" आणि "कोणी फूस लावली?" चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत हेच. तिकडे मिशनच्या जुन्या पुस्तिका उघडल्या तर दुसरंच टोक. बाई अंधारात होती, बाप्तिस्मा झाला, उजेड पडला, गोष्ट संपली. दोन्हीकडे एक गोष्ट राहून जाते. त्या माणसाला तहान कसली लागली होती, आणि ती भागली का, हे कोणी विचारतच नाही.

रमाबाईंनी स्वतः हे सगळं लिहून ठेवलंय. पत्रांत लिहिलंय आणि १९०७ साली 'साक्ष' म्हणून सांगितलेल्या आपल्या कहाणीतही. ती कहाणी दोन्ही ठरीव गोष्टींत बसत नाही.

भूक आधी, तहान नंतर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांचा 'गुन्हा' एकच. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. त्याबद्दल उडुपीला धर्मसभेपुढे उभं राहून त्यांना आपली बाजू मांडावी लागली. पुढे ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे रमाबाई जन्मल्या, आणि संस्कृत त्या शिकल्या ते आईच्या तोंडून. पुढे भागवत मुखोद्गत झालं.

घर सुटलं आणि कुटुंब तीर्थाटनाला लागलं. या तीर्थावरून त्या तीर्थावर, देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं. आलेल्यातून पुन्हा दानधर्म. मोलमजुरी करायची नाही, नोकरी करायची नाही, देव बघून घेईल.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. भांडीकुंडी, दागिने विकून झाले. अनुष्ठानं झाली, ब्राह्मणभोजनं झाली. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढायची पाळी आली. सगळ्यांनी जलसमाधी घ्यावी इथपर्यंत गोष्ट गेली होती. १८७४ साली आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास, एवढेच उरले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. या दोघांनी त्यानंतरही धर्म सोडला नाही. पायी हजारो मैल चालले, थेट काश्मीरपर्यंत. व्रतं केली, तीर्थं केली, थंडीत खड्डा करून वाळू अंगावर ओढून झोपले. भुकेपोटी धर्म बदलायचा असता तर तो याच वर्षांत बदलला असता. तेव्हा बदलला नाही.

खुर्च्यांची पूजा

१८७८ ला भाऊ-बहीण कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे किताब तिथेच मिळाले.

ख्रिस्ती मंडळींशी पहिली गाठ पडली तीही तिथेच, आणि ती फार मजेशीर आहे. एका मेळाव्याला दोघांना बोलावलं होतं. चहा-बिस्किटं आली, ती यांनी घेतली नाहीत. मग प्रार्थना सुरू झाली. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून काहीतरी बोलायला लागले. समोर ना मूर्ती, ना तसबीर. रमाबाईंना वाटलं, ही माणसं खुर्च्यांची पूजा करतात! कोणीतरी संस्कृत बायबलही भेट दिलं. ते त्यांनी उघडून पाहिलं. पण त्यातलं संस्कृत त्यांच्या ओळखीच्या ग्रंथांपेक्षा इतकं निराळं होतं की काही कळेना. ठेवून दिलं.

खरा धक्का बसला तो दुसऱ्या बाजूने. बायकांना धर्मशास्त्रावर व्याख्यानं द्यायची म्हणून त्यांनी स्मृतिग्रंथ मुळातून वाचायला घेतले. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की हे ग्रंथ जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, पण दोन बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे. शूद्र आणि बाई. बाईला स्वतःचा असा मोक्ष नाही. नवरा हाच देव, त्याची सेवा हाच धर्म, आणि फार तर पुढच्या जन्मी पुरुष होऊन आलीस तर बघू. केशवचंद्र सेनांनी वेद हातात ठेवला तेव्हा रमाबाईंनी सांगितलं, बायकांना वेदाचा अधिकार नाही. पुढे त्यांनी उपनिषदं वाचलीच. पण प्रश्न तसाच राहिला. मला, बाई म्हणून, आहे तशी, देवापर्यंत जाता येतं का? मधल्या कोणाच्या परवानगीशिवाय?

तहान म्हणतात ती ही.

भाऊ १८८० ला वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. तिकडे आसामच्या बाजूला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. त्या वाचायला लागल्या, एका मिशनऱ्याकडून समजावून घेऊ लागल्या. नवऱ्याला ते आवडलं नाही. पण वाद वाढायला वेळच मिळाला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तो गेला. रमाबाई तेवीस वर्षांच्या, मांडीवर वर्षाची मनोरमा.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर आयोगापुढे बायकांना डॉक्टर आणि शिक्षिका करा म्हणून साक्ष दिली. पुण्यातच त्यांची गाठ नीळकंठशास्त्री गोऱ्यांशी पडली. गोरे म्हणजे काशीला वाढलेले कोकणस्थ पंडित. तरुणपणी ख्रिस्ती मताचं खंडन करायला म्हणून त्यांनी बायबलचा अभ्यास सुरू केला, संस्कृतात खंडनपर ग्रंथही लिहिला, आणि अखेर १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. दोन शास्त्री समोरासमोर बसून बोलत असतील तेव्हा पुण्यातली ती चर्चा काय रंगत असेल!

विहिरीवरची बाई

१८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई इंग्लंडला निघाल्या. डॉक्टरी शिकायचा विचार होता. उतरल्या त्या वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात. डॉक्टरीचं स्वप्न पुढे कानांनी दगा दिल्यामुळे सोडावं लागलं.

त्या मठाचं लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होतं. समाजाने टाकलेल्या, 'पतित' म्हणून हिणवलेल्या बायकांना तिथे आसरा मिळायचा. रमाबाईंना ते घर दाखवायला नेलं. तिथल्या जोगिणी त्या बायकांशी इतक्या मायेने वागत होत्या की रमाबाई चक्रावल्या. आपल्याकडे अशा बाईची सावली नको म्हणतात. आणि इथे घरंदाज बायका त्यांच्यासाठी आयुष्य देतायत. हे कशामुळे? त्यांनी विचारलं. तेव्हा एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शमरोनी बाईची गोष्ट समजावून सांगितली.

ही गोष्ट माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

भर दुपारची वेळ. येशू चालून चालून दमलेला, याकोबाच्या विहिरीच्या काठाला बसलेला. एक बाई घागर घेऊन पाण्याला येते. एरवी बायका पाण्याला सकाळी-संध्याकाळी जातात. ही दुपारी येते. का, ते गोष्टीत सांगितलेलं नाही, पण पुढे कळतं की तिचे पाच नवरे झालेत आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. गावात अशा बाईला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे. येशू तिला म्हणतो, पाणी दे. ती चमकते. कारण यहुदी माणूस शमरोन्यांच्या हातचं पाणी पीत नाही.

थांबा जरा इथे. हे वाक्य इंग्लंडातल्या माणसाला समजवायला टीप द्यावी लागत असेल. आपल्याला द्यावी लागते का? कोण कोणाच्या हातचं पाणी पितो यावर जिथे गावं उभी राहिली, त्या मुलखातून आलेल्या रमाबाईंना ती विहीर अनोळखी कशी वाटेल?

मग बोलणं पाण्यावरून तहानेवर जातं. हे पाणी पिशील तर पुन्हा तहान लागेल, मी देईन ते जिवंत पाणी प्यायलीस तर आतच झरा फुटेल, अशा अर्थाचं तो बोलतो. ती बाईही काही कमी नाही. ती धर्मशास्त्राचा प्रश्न टाकते: आमचे लोक या डोंगरावर भक्ती करतात, तुम्ही म्हणता यरुशलेमात करायची, खरं कोणतं? उत्तर मिळतं की हा डोंगरही नाही आणि ते शहरही नाही, खरी भक्ती आत्म्याने आणि खरेपणाने होते. एवढं मोठं बोलणं त्याने केलं ते कुठल्या शास्त्र्याशी नाही, एका परजातीच्या, बदनाम बाईशी.

भारतातली सगळी तीर्थं पायाखाली घातलेल्या बाईने हे ऐकलं, तेव्हा तिच्या मनात काय झालं असेल याची कल्पना करा. रमाबाईंनी पुढे लिहिलंय की, भारतातल्या दडपलेल्या बायकांना उभं करण्याची ताकद इथे आहे हे त्यांना त्या वेळी उमगलं.

त्याच सुमारास एक भयानक गोष्ट घडली. त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीने बाटवतील या भीतीने त्यांचं मन पोखरलं होतं, असं सांगितलं जातं. हे लपवून रमाबाईंची गोष्ट सांगता येत नाही. एकाच मठात, एकाच छपराखाली दोघी. एकीला झरा दिसला, दुसरीला सापळा.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतरचं भांडण

महाराष्ट्रात गदारोळ झाला. काल जिला डोक्यावर घेतलं तिने आज धर्म बुडवला! त्यात एक आवाज वेगळा होता. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

पण खरी गंमत इंग्लंडात चालली होती. मठातल्या जोगिणींना वाटलं होतं, आता ही आपल्यातली झाली, सांगू तसं ऐकेल. कसलं काय! रमाबाईंनी मांस-अंडं खाल्लं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझी भाषा लॅटिन नाही, संस्कृत का चालत नाही, असं विचारलं. त्रैक्याच्या सिद्धांतावर अडून बसल्या: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक कसे, हे बायबलमध्ये मला दिसू द्या, नुसतं चर्च म्हणतं म्हणून मानणार नाही. तरुण मुलग्यांना त्यांनी शिकवावं का यावर भारतातल्या इंग्रज बिशपांनी नाक मुरडलं, तेव्हा त्याही गोष्टीला विरोध केला. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याबरोबरची त्यांची पत्रं छापलेली आहेत. त्यांचा सूर असा, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने फेकलंय, आता दुसऱ्याचं जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही.

म्हणजे बघा. इकडचे म्हणत होते, ती मिशनऱ्यांची गुलाम झाली. तिकडच्या म्हणत होत्या, ही हट्टी आहे, आज्ञाधारक नाही. दोघांनाही एकच गोष्ट सोसत नव्हती. बाई स्वतः विचार करत होती.

आठ वर्षांनी सापडलेलं

१८८६ ला त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. तिथे व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, पैसे उभे केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आता सगळं मिळालं. धर्म मिळाला, काम मिळालं, नाव मिळालं. पण त्यांच्याच शब्दांचा भाव असा की, आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही. डोक्याला पटलं होतं, जीव मात्र कोरडाच राहिला होता. त्या सुमारास त्यांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याची कहाणी वाचली. हा गृहस्थ वर्षानुवर्षं लोकांना उपदेश करत होता, आणि एक दिवस स्वतःचंच प्रवचन देता देता स्वतःचाच पालट झाला! रमाबाईंना त्यात आपला चेहरा दिसला. १८९१ च्या आसपास कधीतरी त्यांना आतून शांती मिळाली.

मला या कहाणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली तारीख १८८३ ची. मनाने होकार दिला तो १८९१ च्या सुमारास. मधली आठ वर्षं कुठल्याही सरकारी नोंदीत, मिशनच्या अहवालात किंवा वर्तमानपत्राच्या अग्रलेखात सापडत नाहीत.

दार उघडं ठेवलं म्हणजे?

आता अडचणीचा भाग. तोही सांगायलाच हवा.

शारदा सदन सुरू करताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं वचन दिलं होतं. त्यावर विसंबून लोकांनी आपल्या विधवा लेकी तिथे ठेवल्या. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. १८९१ नंतर रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. त्या म्हणायच्या, मी कोणाला बोलवत नाही आणि कोणाला हाकलतही नाही. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी मंडळ सोडलं, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

चूक कोणाची? मला वाटतं हा प्रश्न इतका सोपा नाही. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा हक्क कोणी नाकारू नये. पण जिच्या हातात आसरा, अन्न आणि अक्षर आहे, तिच्या उघड्या दारालाही वजन असतं. बारा-चौदा वर्षांची केशवपन झालेली पोर त्या दाराशी येते तेव्हा ती देवाला शोधत येते की मायेला? कदाचित तिचं तिलाही सांगता येणार नाही.

त्याचबरोबर हेही विसरू नका. सदनाच्या अगदी पहिल्या मुलींपैकी एक गोदूबाई. कित्येक वर्षं तिथे राहिल्या, शिकल्या, रमाबाईंची माया त्यांना मिळाली. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि आपण त्यांना आनंदीबाई कर्वे, बाया कर्वे म्हणून ओळखतो. हिंगण्याच्या कामाचं एक मूळ असं शारदा सदनात आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, आणि भुकेने सांगाडा झालेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. स्वतःच्या आई-बापाचं मरण डोळ्यांपुढे होतं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, आंधळ्यांसाठी शिक्षण. १९०५ साली तिथे प्रार्थनेची अशी लाट आली की मुली रात्र रात्र रडत, गात राहिल्या.

त्यांतल्या किती जणींचा विश्वास भाकरीतून आला आणि किती जणींचा तहानेतून? आज शंभर-सव्वाशे वर्षांनी कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका. भूक आणि तहान माणसाच्या पोटात वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. पण ज्या बाकीच्या समाजाने त्या पोरींना रस्त्यावर मरायला सोडलं, त्याने "भाकरीसाठी बाटल्या" म्हणण्याआधी आपल्या भाकरीचा हिशोब द्यावा, एवढं मात्र म्हणता येतं.

लक्ष्मीबाईंचा घोट

रमाबाईंनी स्वतःहून पाऊल टाकलं. पण नवऱ्याने टाकलं आणि बायको मागे राहिली, तर? आपल्या नगरचीच गोष्ट आहे.

कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळक म्हणत की, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या मनाचा प्रवास सुंदरच होता. पण त्या पुलाखाली एक बाई बुडत होती.

लक्ष्मीबाई लहानाच्या मोठ्या झाल्या त्या सोवळ्याच्या अतिरेकात. वडील धान्यसुद्धा धुवून घेत. पाणी म्हणजे विटाळ धुवायचं साधन, हेच लहानपणापासून मनावर कोरलेलं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. 'स्मृतिचित्रें' वाचलेल्यांना ते दिवस आठवत असतील, हसवता हसवता रडवणारे. पुढे नवऱ्याजवळ आल्या तरी आपलं सोवळं, आपलं पाणी वेगळं ठेवलं. टिळकांनी त्यांना ओढलं नाही. आणि त्यांनीही नवरा म्हणतो म्हणून मान डोलावली नाही.

एक दिवस त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला, जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांसारखा माणसांच्या देहात फरक दिसला असता. तो दिसत नाही. म्हणजे ही माणसाची करणी. ठरलं. त्यांनी इतरांच्या हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. मन तयार, पण वर्षानुवर्षांची सवय ऐकेना, त्रास व्हायचा तो झालाच. तरी मागे फिरल्या नाहीत. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

म्हणजे लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचं पहिलं उत्तर ना प्रार्थना होती, ना विधी. तो पाण्याचा एक घोट होता. शमरोनी बाईच्या विहिरीवर जे अडलं होतं, तेच नगर जिल्ह्यात एका ब्राह्मण बाईने आपल्या घशाखाली उतरवलं.

घागर तिथेच राहिली

शमरोनी बाईच्या गोष्टीचा शेवट बहुतेकांच्या लक्षात नसतो. ती बाई घागर विहिरीवरच टाकून गावात धावत जाते, लोकांना सांगते, चला, बघा. लोक येतात. दोन दिवस येशूला ठेवून घेतात. आणि मग त्या बाईला सांगतात, आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून मानत नाही, आम्ही स्वतः ऐकलंय.

माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे. दुसऱ्याने सांगितलेलं माणसाला विहिरीपर्यंत आणतं. प्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. नवऱ्याने बायकोसाठी प्यायचं नाही, मिशनने अनाथ मुलीसाठी प्यायचं नाही, आणि जातपंचायतीने किंवा सरकारने कोणाच्या हातातला पेला हिसकावायचाही नाही. आपल्या राज्यघटनेचं पंचविसावं कलम सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य म्हणतं, ते मला तरी असंच कळतं. त्यात धर्म सोडणाऱ्याचं रक्षण आहे, न सोडणाऱ्या गोदूबाईंचं आहे, आणि भीतीने पिचलेल्या आनंदीबाई भगतांचंही असायला हवं होतं.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं कशाला दिली माहितीये? बायबलच्या मराठी भाषांतराला. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळातून, एकटीने. प्रचलित भाषांतर पंडिती आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, हा त्यांचा आक्षेप. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होतं त्यांनी जाणूनबुजून साधी मराठी लिहिली. कलकत्त्यात हातात पडलेलं ते न कळणारं संस्कृत बायबल त्या विसरल्या नसाव्यात. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या सगळ्या केडगावच्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ साली.

हे भाषांतर मला त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर वाटतं. बाईला मधल्या कोणाच्या परवानगीशिवाय देवापर्यंत जाता येतं का? त्यांनी पुस्तक तिच्या भाषेत आणून तिच्या हातात ठेवलं, आणि वाचायला शिकवलं. पुढचं तिचं ती बघेल. पटेल, न पटेल, रमाबाईंसारखी भांडेलही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणाच्या धर्मांतराची बातमी वाचून "कोणी फूस लावली" हे ओठावर आलं, तर एक प्रश्न आधी विचारा. या माणसाला आपल्या विहिरीवर कधी कोणी पाणी विचारलं होतं का?

तुमच्या घरात, गावात अशा कहाण्या असतील. धर्म बदललेल्यांच्या असतील, न बदललेल्यांच्या असतील, आजीने चोरून वाचलेल्या पुस्तकाच्या असतील. नावं न घेता खाली लिहा. वाद जरूर घाला, पण पाणी सगळ्यांना मिळेल एवढं बघा.